पाठकोरे

वडील तालुक्याच्या कचेरीत कारकून होते, त्यामुळे आमच्या घरी पाठकोऱ्या कागदांना कधी तोटा नव्हता. एका बाजूला चुकलेला तक्ता नाहीतर रद्द झालेलं परिपत्रक, दुसरी बाजू आमची. चित्रं काढायला मी त्या दुसऱ्या बाजूवर शिकले. सायक्लोस्टाइलची शाई कागदातून आरपार फुटायची आणि माझ्या डोंगरांमधून उलटी अक्षरं डोकवायची.

फ्रीडल डिकर हे नाव मी वाचलं ते निवृत्त झाल्यावर. वडील व्हिएन्नात कागद-पेन्सिलींच्या दुकानात नोकरीला, ही चार वर्षांची असताना आई गेलेली, आणि मुलीच्या हाताशी दुकानातलं सामान: पेन्सिली, कागद, रंग, माती. एवढं वाचून मी पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं. छत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आणि या बाईंचं नावसुद्धा कानावर आलेलं नव्हतं.

*

जन्म ३० जुलै १८९८, व्हिएन्ना. मृत्यू ९ ऑक्टोबर १९४४, आउशवित्झ-बिर्केनाउ.

मधल्या ४६ वर्षांत काय काय केलं तिने! फोटोग्राफी, विणकाम, पुस्तकबांधणी, अक्षररचना, नाटकांचं नेपथ्य आणि कपडे, फर्निचर, घरांची रचना, राजकीय पोस्टर, निसर्गचित्रं, व्यक्तिचित्रं. यातलं एकेक घेऊन माणसं आयुष्यभर पुरवतात. आणि हे सगळं चालू असताना ती कुठे ना कुठे शिकवत होती. व्हिएन्नात, प्राहामध्ये, शेवटी टेरेझिनच्या छावणीत. फक्त चित्रकार म्हणून तिच्याकडे पाहिलं तर ती अर्धीच दिसते, असं माझं मत होत चाललंय.

*

गुरू तिला दोन भेटले. पहिला फ्रांत्स चिझेक. हा गृहस्थ व्हिएन्नात लहान मुलांचे चित्रवर्ग चालवायचा आणि तिथे मोठ्यांनी मुलांची चित्रं दुरुस्त करायची नाहीत असा त्याचा दंडक होता. फ्रीडल त्याच्याकडे कलाशाळेत होती, मुलांच्या वर्गात नव्हे. पण हवा तीच.

दुसरा योहानेस इटेन. १९१६ मध्ये ती त्याच्या व्हिएन्नातल्या खासगी शाळेत गेली आणि तिथून पुढे त्याची रीत तिच्या हातात कायमची मुरली. इटेनचा तास श्वासाने सुरू व्हायचा. आधी हातपाय सैल करायचे, दीर्घ श्वास घ्यायचे, मग कोळसा उचलायचा. रेघ मनगटातून नाही, सगळ्या अंगातून आली पाहिजे. काटेरी झुडूप काढायचं तर आधी त्याचा काटा आपल्याला बोचला पाहिजे, हा त्याचा प्रसिद्ध धडा. आपल्या माळावरची उंटकटारी डोळ्यांपुढे आणावी, म्हणजे तो काय म्हणत होता ते लगेच कळतं.

हे वाचताना मला माझी आजी आठवली. रांगोळी घालायला बसली की आधी पदर खोचून, दोन क्षण डोळे मिटून बसायची. मग चिमटीतून रेघ सुटायची ती मध्ये कुठेही न तुटता. तिला कुणी इटेन शिकवला नव्हता. तरी तो धडा एकच.

*

१९१९ मध्ये इटेनला वाइमारच्या नव्या कलाशाळेत बोलावणं आलं, त्याच्याबरोबर व्हिएन्नाचे बरेच विद्यार्थी गेले, त्यांत फ्रीडल. शाळा म्हणजे बाउहाउस. संस्थापक वाल्टर ग्रोपियस, शिकवायला पॉल क्ले, ऑस्कर श्लेमर. स्त्री-पुरुष भेद नाही असं शाळेने सुरुवातीला जाहीर केलं होतं, आणि थोड्याच दिवसांत मुलींना विणकामाच्या विभागाकडे वळवायला सुरुवात झाली. फ्रीडल विणकामही शिकली, पण तिथेच अडकून राहिली नाही. नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना प्राथमिक धडे द्यायचं काम विद्यार्थिदशेतच तिच्याकडे आलं. पुढे ग्रोपियसने तिला दिलेल्या शिफारसपत्रात याचा मुद्दाम उल्लेख आहे.

आपल्याकडची एक नोंद इथेच करून ठेवते. डिसेंबर १९२२ मध्ये कोलकात्याला इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टच्या प्रदर्शनात बाउहाउसची चित्रं लागली होती. क्ले, कान्डिन्स्की, इटेन. ती आणवण्यात मोठा वाटा स्टेला क्रामरिश यांचा, आणि त्याही व्हिएन्नात शिकलेल्या. म्हणजे फ्रीडल वाइमारमध्ये शिकत होती त्याच दिवसांत तिच्या गुरूची चित्रं बंगालमधले लोक पाहत होते.

*

व्हिएन्नात परतल्यावर फ्रांत्स झिंगर या सहाध्यायाबरोबर तिने आटलिए, म्हणजे स्टुडिओ, काढलं. छोट्या घरांसाठी घडीचं फर्निचर: एकात एक बसणाऱ्या खुर्च्या, दिवसा सोफा असलेले पलंग. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेल्या माणसाला या कल्पनेचं मोल सांगावं लागत नाही.

त्यातलं मला सगळ्यात आवडतं काम म्हणजे गोएथेहोफ या महापालिकेच्या वसाहतीतली माँटेसरी बालवाडी, १९३० ते ३२ च्या दरम्यानची. मुलांच्या उंचीचं सगळं. घडी घालून बाजूला सारता येणारं सामान. खेळायची खोली तीच झोपायची खोली. (त्याच वर्षांत ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाईंबरोबर माँटेसरीच्याच वाटेने बालशिक्षणाचं काम करत होत्या.) ती बालवाडी टिकली नाही. फोटो उरले आहेत. फोटोंत मुलं नाहीत, रिकाम्या छोट्या खुर्च्या आहेत.

बालवाडीच्या शिक्षिकांसाठीही तिने चित्रकलेचा वर्ग घेतला होता. शिक्षकांना शिकवणं हे मुलांना शिकवण्याहून अवघड. मी दोन उन्हाळी शिबिरं घेतली आहेत, त्यावरून सांगते.

*

१९३४, फेब्रुवारी. व्हिएन्नात यादवी. फ्रीडल कम्युनिस्ट होती, पोस्टरं करत होती. तिच्या आटलिएत खोटे पासपोर्ट सापडले. अटक, चौकशी, तुरुंग. सुटल्यावर प्राहा.

तिथे तिने चौकशीवर चित्रं काढली. प्रश्न विचारणारा आणि जिला विचारले जातात ती. आयुष्यात भोगलेल्या छळाचं तिने थेट केलेलं चित्रण मला फक्त इथे सापडतं. पुढे टेरेझिनमध्ये याच बाईने फुलं रंगवली, चेहरे रंगवले, खिडकीबाहेरची गल्ली रंगवली. का, हा प्रश्न मनातून जात नाही.

*

प्राहामध्ये तिने जर्मनी-ऑस्ट्रियातून पळून आलेल्या कुटुंबांच्या मुलांना चित्रकला शिकवायला घेतली. घर सुटलेली मुलं. हाताशी मदतीला तिची एक तरुण विद्यार्थिनी होती, एडिथ क्रामर, व्हिएन्नाहून बाईंच्या मागोमाग आलेली. काही मुलं कागदावर नुसती रेघोट्या मारत बसत, काही पुन्हा पुन्हा एकच गोष्ट काढत, काहींना कागद पुढे आला की काहीच सुचत नसे. एडिथ हे सगळं पाहत होती. १९३८ मध्ये ती न्यूयॉर्कला गेली, तिथे बिथरलेल्या, रस्त्यावर आलेल्या मुलग्यांच्या शाळेत तिने चित्रकला शिकवली, १९५८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. आज ज्याला आर्ट थेरपी म्हणतात तिच्या पायाभरणीत एडिथचं नाव घेतलं जातं. ती २०१४ पर्यंत होती, आणि आपलं मूळ प्राहाच्या त्या वर्गात आहे असं सांगत राहिली.

एडिथचा आग्रह होता की मुलाला सावरतं ते चित्र काढणं. मोठ्यांनी नंतर लावलेला अर्थ नव्हे. हे वाक्य मी माझ्या शब्दांत लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय.

*

लग्न १९३६ मध्ये. पावेल ब्रान्डाइस, नात्यातलाच. फ्रीडलला पॅलेस्टाईनला जाता आलं असतं. पावेलला परवाना नव्हता. ती राहिली.

दोघं ह्रोनोव नावाच्या लहानशा गावात गेली. पावेलला कापडगिरणीत हिशेबनिसाची नोकरी, फ्रीडलला तिथेच कापडावरच्या नक्ष्यांचं काम. मग जर्मन आले, आणि ही दोघं ज्यू. नोकऱ्या गेल्या, घरं बदलावी लागली, प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा लहान. या काळातली तिची निसर्गचित्रं फार शांत आहेत. १९४० मध्ये लंडनच्या आर्केड गॅलरीत तिच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. चित्रं लंडनमध्ये, चित्रकार ह्रोनोवमध्ये.

*

पन्नास किलो.

डिसेंबर १९४२ मध्ये टेरेझिनच्या छावणीत नेण्याचा हुकूम आला तेव्हा माणशी पन्नास किलो सामान घ्यायची मुभा होती. थंडीचे दिवस. आपण काय घेऊ? मी एकदा खरंच यादी करून पाहिली. स्वेटर, रजई, औषधं, पीठ, भांडं, फोटो. माझ्या यादीत रंग शेवटून दुसरे आले.

फ्रीडलने कागद, रंग, पेन्सिली भरल्या. चादरी वेगवेगळ्या रंगांत रंगवून घेतल्या, कारण मुलांच्या नाटकात हिरवी चादर टाकली की तिचं रान होतं. म्हणजे निघायच्या आधीच तिने ठरवलं होतं की तिथे मुलं असणार, आणि मुलं असली की नाटक असणार.

*

टेरेझिन. अठराव्या शतकातलं किल्ल्याचं गाव, सम्राट दुसऱ्या योझेफने बांधलेलं, आई मारिया टेरेझियाच्या नावाने. युद्धापूर्वी साधारण सात हजार वस्तीचं. सप्टेंबर १९४२ मध्ये तिथे अठ्ठावन्न हजारांवर माणसं कोंबलेली होती. एकूण सुमारे एक लाख चाळीस हजार लोक इथे आणले गेले. तेहतीस हजार तिथेच मेले, उपासमारीने, रोगांनी. अठ्ठ्याऐंशी हजारांच्या आसपास पुढे पूर्वेकडच्या छावण्यांत पाठवले गेले.

आकडे लिहिताना हात थांबतो, पण लिहिले पाहिजेत. एरवी पुढचं सगळं नुसतं हळवं वाटेल.

*

मुलांना आईबापांपासून वेगळं, मुलामुलींच्या वसतिगृहांत ठेवलेलं. मुलींचं एक घर, त्याचा क्रमांक एल ४१०, चर्चच्या शेजारी. एकेका खोलीत वीस-तीस मुली, तीन मजली लाकडी खाटांवर. फ्रीडल या घरात शिकवायची, इतर घरांतली मुलंही तिच्याकडे येत.

शाळा भरवायला जर्मनांची बंदी होती. गणित, इतिहास, भाषा चोरून शिकवावं लागे, दाराशी कुणीतरी पहाऱ्याला ठेवून. पण चित्रं काढायला, गाणी म्हणायला परवानगी होती. विरंगुळा म्हणून. चित्रकला म्हणजे शिक्षण, असं त्यांच्या डोक्यात आलंच नाही.

ही ओळ मी दोनदा वाचली, तिसऱ्यांदा वाचली. ड्रॉइंगचा तास म्हणजे मोकळा तास, ही समजूत मी नोकरीभर सोसली. फेब्रुवारी आला की माझे तास गणिताला जायचे, आणि कुणाला विचारावंसंही वाटायचं नाही. त्याचं मला दुःख होतं, अजून आहे. पण टेरेझिनमध्ये त्याच समजुतीच्या आडोशाला एका बाईने जवळजवळ पावणेदोन वर्षं खरीखुरी शाळा चालवली, उघड्या दाराने.

*

तास कसा असे, हे छावणीतून वाचलेल्या मुलींच्या आठवणींवरून आणि उरलेल्या चित्रांवरून बरंच कळतं.

सुरुवात लयीच्या सरावाने. वळणं, वेटोळी, पुन्हा पुन्हा येणारे आकार, आधी सावकाश, मग वेगात. हात उबदार व्हायचा. मग ती तोंडाने एकेक वस्तू सांगायची आणि मुलं भराभर काढायची. विचार करून गुळगुळीत करायला वेळच नाही. कधी समोर मांडलेली वस्तू: ग्लासात फुलं, एखादं भांडं, लाकडी बूट. कधी जुन्या युरोपीय चित्रकारांची चित्रं समोर ठेवून त्यातले आकार कागदाच्या कपट्यांनी रचायचे. कधी नुसता विषय: वारा, वादळ, संध्याकाळ. हे सगळं इटेनच्या वर्गातलं. वाइमारमध्ये होतकरू कलावंतांना जे शिकवलं जाई, तेच तिने दहा-बारा वर्षांच्या, अर्धपोटी, उवांनी बेजार झालेल्या मुलींना शिकवलं. पातळ करून नाही.

मला वाटतं, आदर म्हणतात तो हाच. या मुली आहेत, छावणीत आहेत, यांना जरा फुलपाखरं काढू द्या, असा हिशेब तिने केला नाही. रंगांची संगती समजून घ्या, उजेड कुठून येतो ते बघा, रेघेला वजन असतं ते ओळखा. सोबत आणलेला कागद किती पुरणार? मग कचेरीतले वापरलेले फॉर्म, वेष्टनं, जुन्या नकाशांच्या पाठी. छापील रकान्यांचे कागद कापून त्यांतून घरं झाली, डोंगर झाले, आकाश झालं.

पाठकोरे.

*

त्या घरातली एक मुलगी पुढे अमेरिकेत बालमनोविश्लेषक झाली, एर्ना फुर्मन. टेरेझिनच्या आठवणींमध्ये फ्रीडलचे तास तिने सगळ्यात मोलाचे मानले. तिच्या सांगण्यात दुःखाचा पाढा नाही, बाई कशी शिकवायची ते आहे. शिकलेल्या माणसाला शिकवणं आठवतं, हे मला फार धीर देणारं वाटतं.

*

हेल्गा वाइसोवा ही मुलगीही एल ४१० मध्येच होती. तिची गोष्ट मुद्दाम इथे लिहिते, कारण फ्रीडलविषयी मनात येणारी शंका तिच्यापाशी येऊन ठेपते.

हेल्गा बारा वर्षांची असताना, छावणीत आल्या आल्या, तिने बर्फाचा माणूस करणाऱ्या मुलांचं चित्र काढलं आणि वडिलांना चोरून पाठवलं. पुरुष वेगळ्या बराकीत होते. वडिलांचा निरोप आला: दिसतं ते काढ. त्या दिवसापासून तिने दिसेल ते काढलं. जेवणाच्या रांगा, खाटा, प्रेतांच्या गाड्या, निघालेली माणसं. शंभराच्या आसपास चित्रं. आउशवित्झला जाताना ती काकांकडे दिली, काकांनी भिंतीत चिणून ठेवली. वडील मारले गेले. हेल्गा परत आली, चित्रकार झाली. तिची चित्रं आज साक्षीपुरावा आहेत.

आणि फ्रीडलच्या मुलींनी? काही थोड्या चित्रांत रांगा आहेत, खाटा आहेत. बाकी घर, अंगण, सणाचं ताट, कुरण, झाडं, फुलं. मग फ्रीडलने त्यांची नजर भोवतालापासून फिरवली का?

मी बरेच दिवस हेल्गाच्या वडिलांच्या बाजूची होते. आता तसं वाटत नाही. ग्लासातलं फूलही टेरेझिनमध्येच होतं. ते नीट पाहायचं, देठ पाण्यात शिरतो तिथे कसा वाकडा दिसतो ते पाहायचं, हेही दिसतं तेच काढणं आहे. फरक इतकाच की हेल्गाच्या वडिलांना जगाला दाखवायचं होतं, आणि फ्रीडलला त्या तासापुरती ती मुलगी पुरी हवी होती. पाहणारी, निवडणारी, हा रंग नको तो हवा म्हणणारी. छावणीत मुलांना दुसरं काहीच निवडता येत नव्हतं.

*

१९४३ च्या उन्हाळ्यात तिने घराच्या तळघरात मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन लावलं आणि तिथल्या शिक्षकांपुढे मुलांच्या चित्रकलेवर व्याख्यान दिलं. ते टिपण उरलं आहे. त्यातला तिचा मुद्दा माझ्या शब्दांत असा: सगळ्या मुलांना चित्रकार करायचं नसतं. त्यांच्यात जी शक्ती आहे ती मोकळी करायची, त्यांना स्वतःच्या पायावर उभं करायचं, कल्पना जागी करायची, नजर तयार करायची. आणि मोठ्यांना तिने विचारलंय की मुलांना आपल्यासारखं करायची एवढी घाई कशाला? बालपण म्हणजे मोठं होण्याआधीचा कच्चा टप्पा नव्हे.

कोण बोलतंय, कुठे बोलतंय, ऐकणारे किती उपाशी आहेत. आणि विषय आहे मुलांच्या चित्रांत मोठ्यांनी ढवळाढवळ करू नये.

*

माझ्या वर्गात सातवीतला एक मुलगा होता. एलिमेंटरीच्या तयारीचा तास, वस्तुचित्र. मध्यभागी स्टुलावर किटली, एक पेरू, घडी घातलेला नॅपकिन. हा मुलगा ज्या बाकावर बसला होता तिथून किटलीची तोटी मागच्या बाजूला जात होती. त्याने दिसली तशी किटली काढली, तोटीशिवाय. मी त्याच्या हातातली पेन्सिल घेतली आणि तोटी काढली. म्हटलं, परीक्षकाला किटली आहे हे कळायला नको का?

तो काही बोलला नाही. परीक्षेत त्याने आठवणीने तोटी काढली असणार; त्याला ब श्रेणी मिळाली, आम्ही पेढे खाल्ले. त्याला जे दिसलं होतं ते बरोबर होतं. फ्रीडलचं टिपण वाचताना मला त्याचं नाव आठवलं, बाकाची जागा आठवली, तोटीची माझी रेघ आठवली. तीस वर्षं झाली असतील.

*

प्रत्येक चित्रावर मुलाने आपलं नाव घालायचं, असा फ्रीडलचा नेम होता. नाव, बरेचदा वयही, खोलीचा क्रमांकही. छावणीत माणसाला वाहतुकीचा क्रमांक असे. यादी त्या क्रमांकांची. चित्रावर नाव.

आणि तिच्या स्वतःच्या टेरेझिनमधल्या चित्रांपैकी बहुतेकांवर सही नाही.

*

२३ जून १९४४ ला रेड क्रॉसची माणसं टेरेझिन पाहायला आली. त्याआधी कित्येक महिने रस्ते धुतले, घरांना रंग दिले, बागा केल्या, गर्दी कमी दिसावी म्हणून हजारोंना आउशवित्झला पाठवलं. मुलांचं *ब्रुंदिबार* हे संगीतनाटक पाहुण्यांना दाखवलं. पाहुणे समाधानाने परत गेले.

रंग तिथेही होता. गावाच्या भिंतींना चोपडलेला.

*

सप्टेंबरच्या शेवटी पुरुषांच्या गाड्या सुरू झाल्या. २८ सप्टेंबरला पावेल गेला. नवी छावणी उभारायला नेतोय असं सांगितलेलं. मागोमाग बायकांना स्वेच्छेने जाता येईल असंही. फ्रीडलने आपणहून नाव दिलं.

६ ऑक्टोबर १९४४ ची गाडी. तिच्या बऱ्याच विद्यार्थिनी त्याच गाडीत होत्या. ९ ऑक्टोबरला बिर्केनाउमध्ये ती मारली गेली.

पावेल जगला. टेरेझिनमध्ये तो सुतारकाम शिकला होता, ते हातातलं काम त्याच्या कामी आलं.

यापुढे मला या नोंदीत काही लिहिता येत नाही.

*

निघण्यापूर्वी मुलांची चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून एल ४१० मध्येच ठेवलेली. स्वतःची नव्हे, मुलांची. सुमारे साडेचार हजार. घरातल्या शिक्षिका राया एंगलेंडरोवा यांनी ती सांभाळली, आणि युद्ध संपल्यावर, ऑगस्ट १९४५ मध्ये, घराचे प्रमुख विली ग्रोआग यांनी त्या दोन सुटकेस प्राहाच्या ज्यू समाजाच्या कचेरीत आणून दिल्या.

तेव्हा त्यांत कुणाला फारसा रस वाटला नाही. माणसं परतली नव्हती, आणि हे कागद घेऊन काय करायचं? बरीच वर्षं चित्रं पडून राहिली. १९५० च्या दशकात ती पुढे आली, १९५९ मध्ये पुस्तक निघालं, जगभर गेलं. टेरेझिनच्या मुलांची चित्रं म्हणून ती प्रसिद्ध झाली. जणू मुलं आपापली बसली आणि काढत सुटली. शिकवणाऱ्या बाईंचं नाव लोकांना कळायला आणखी कितीतरी वर्षं गेली. एलेना माकारोवा या लेखिकेने वाचलेल्या विद्यार्थिनी चिकाटीने शोधल्या, पत्रं गोळा केली, १९९९ मध्ये व्हिएन्नातून फ्रीडलच्या कामाचं मोठं प्रदर्शन फिरतं केलं. २०२२ मध्ये व्हिएन्नाच्या शहर संग्रहालयाने झिंगर आणि तिच्या आटलिएवर स्वतंत्र प्रदर्शन मांडलं. गाव उशिरा का होईना, जागं झालं.

*

ती चित्रं आज प्राहाच्या ज्यू संग्रहालयात आहेत. त्यातली काही पिंकास सिनेगॉगच्या वरच्या मजल्यावर लावलेली असतात. खाली भिंतींवर बोहेमिया-मोराव्हियातल्या मारल्या गेलेल्या सुमारे ऐंशी हजार ज्यूंची नावं. ही नावं १९५४ ते ५९ अशी वर्षं लावून दोन चित्रकारांनी, वाट्स्लाव बोश्टिक आणि यिरी योन यांनी, भिंतींवर रंगवली. मग ओल आली, इमारत बंद झाली, अक्षरं काढून टाकली गेली. १९९० च्या दशकात सगळी पुन्हा लिहिली. ऐंशी हजार नावं, दोनदा.

अक्षरलेखनाचा पेपर मी वर्षानुवर्षं तपासला. इतकी लहान अक्षरं, इतक्या ओळी, कुठेही दाटी नाही, कुठेही ओळ खाली उतरलेली नाही. फोटो भिंगाखाली धरून पाहिले.

*

फ्रीडलची टेरेझिनमधली काही चित्रं छापील पाहिली. छपाईत रंग मरतात, तरी कळतं. पेस्टलमधली फुलं, एका मुलाचा चेहरा. चेहऱ्यावर दोनच छटा खेळवल्यात, बाकी कागदच बोलतो. बाउहाउसच्या दिवसांतली कोरीव घट्ट मांडणी इथे नाही. सैल, विरघळत जाणारी रेघ. तिने स्वतःसाठी वेळ कधी काढला असेल? मुली झोपल्यावर, असं मी मनाशी ठरवून टाकलंय.

*

आमच्या कॉलनीतली पाच-सहा मुलं रविवारी सकाळी माझ्याकडे येतात. गेल्या महिन्यापासून मी आधी श्वास घ्यायला लावते, मग वेटोळी. पहिल्या दिवशी हसली. आता त्यांची वेटोळी माझ्यापेक्षा मोकळी येतात. दुरुस्ती करायला हात शिवशिवतो, म्हणून मी पेन्सिल आतल्या खोलीत ठेवून येते.

*

एक चित्र राहून राहून पाहते. छापील फॉर्मच्या कागदाचे तुकडे चिकटवून केलेलं. रकान्यांच्या आडव्या-उभ्या रेघा तशाच दिसतात, काही अक्षरंही. खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने मुलीचं नाव. पुस्तकात चित्राची एकच बाजू असते. मला तो कागद उलटून पाहायचाय. कुणाच्या याद्या होत्या, कशाचा हिशेब होता, आणि तिने कात्री फिरवली ती कुठल्या रकान्यावरून.